दोघांच्या प्रयोगासाठी एक संध्याकाळ द्या: ब्रिटनमधल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव आणि सांस्कृतिक समितीचे सर्व सभासद,
ब्रिटनमधली महाराष्ट्र मंडळे

सप्रेम नमस्कार.

वर्षाचे कार्यक्रम ठरवायला आपण बसता तेव्हा संक्रांत, पाडवा, गणपती, दिवाळी यांच्या तारखा आधी पडतात. मग शिल्लक किती आहे ते बघून भारतातून कोणाला बोलवायचं यावर चर्चा होते. त्याच बैठकीत आणखी एक विषय घ्यावा, एवढ्यासाठी हे पत्र लिहिते आहे. दोन कलाकारांनी मिळून सादर केलेला तासाभराचा विनोदी प्रयोग, म्हणजे आपण ज्याला स्किट म्हणतो तशा आठ-दहा तुकड्यांचा एक कार्यक्रम, प्रत्येक मंडळाने मे ते जुलै या काळात वर्षातून एकदा आपल्या हॉलमध्ये लावावा आणि त्याचं रीतसर मानधन द्यावं. स्कॉटलंडमधल्या ज्या सभासदांना जमेल त्यांनी ऑगस्टमध्ये, एडिनबराच्या फ्रिंज महोत्सवाच्या काळात, अशा एखाद्या जोडीला घरात राहायला जागा द्यावी. या दोन्ही गोष्टी आपल्या आवाक्यातल्या आहेत, आणि त्या केल्या तर एका मोठ्या अडचणीत सापडलेल्या कलाप्रकाराला खराखुरा आधार मिळेल.

मी एडिनबरातल्या लीथला राहते. पुण्यात कॉलेजात असताना एकांकिका केल्या होत्या. इथे नोकरी-संसारात ते सुटलं, पण एडिनबरात राहून ऑगस्टमध्ये रंगभूमीपासून लांब राहणं कठीण. १९४७ साली इथे आंतरराष्ट्रीय महोत्सव सुरू झाला तेव्हा आठ नाटक मंडळ्या आमंत्रण नसताना येऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागेत त्यांनी आपले प्रयोग लावले. त्यातून जे उभं राहिलं तो फ्रिंज, म्हणजे दर ऑगस्टमध्ये भरणारा नाटकांचा आणि विनोदी प्रयोगांचा खुला महोत्सव. २०२५ साली त्याची २६ लाखांवर तिकिटं गेली. तिथे आजही निवड समिती नाही. जागा मिळवायची, नोंदणीचे पैसे भरायचे आणि प्रयोग लावायचा. विद्यापीठाचे वर्ग, काउगेट रस्त्यावरची दगडी तळघरं, पबच्या माड्या, सगळीकडे काळे पडदे लागतात आणि एकेका खोलीत सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत तासातासाने नवा प्रयोग उभा राहतो. दोन प्रयोगांच्या मध्ये जेमतेम पंधरा मिनिटं. तेवढ्यात आधीच्यांनी सामान काढायचं, पुढच्यांनी मांडायचं आणि प्रेक्षकांना आत घ्यायचं.

विनोदी जोड्यांचं या शहराशी जुनं नातं आहे. पीटर कुक आणि डडली मूर ही जोडी जमली ती १९६० साली इथल्या लायसियम थिएटरातल्या चौघांच्या प्रयोगातून. तो प्रयोग मुख्य महोत्सवाचा होता, पण फ्रिंजवरच्या विनोदाला वळण त्यानेच दिलं. १९८१ साली इथे विनोदी प्रयोगांसाठी पेरिए पुरस्कार सुरू झाला आणि पहिला मान केंब्रिज विद्यापीठाच्या फूटलाइट्स या विद्यार्थी नाट्यमंडळाला मिळाला. पुढे जोडी म्हणून गाजलेले स्टीफन फ्राय आणि ह्यू लॉरी त्याच चमूत होते. १९८३ आणि १९९४ साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या जोड्या जिंकल्या. १९९७ साली 'द लीग ऑफ जेंटलमेन' हा स्केच, म्हणजे स्किट करणारा चमू जिंकला. १९९८ साली नवोदितांचा पुरस्कार 'द माइटी बूश' नावाच्या जोडीला मिळाला. २००१ साली रिचर्ड अयोआडी आणि मॅथ्यू होल्नेस यांचा प्रयोग पहिला आला.

आणि तिथे ही यादी थांबते. २००२ पासून आजवर मुख्य पुरस्कार प्रत्येक वेळी एकट्याने प्रयोग करणाऱ्या कलाकाराला गेला आहे. २०१७ साली तो दोघांत विभागला, पण तेही दोन वेगवेगळे एकपात्री प्रयोगच होते. २०१९ च्या नामांकनांत दोन जोड्या होत्या. त्यांतली 'द डिलाइटफुल सॉसेज', म्हणजे एमी ग्लेडहिल आणि क्रिस कॅन्ट्रिल, २०२२ साली पुन्हा नामांकनात होती. २०२४ साली ग्लेडहिल जिंकली, आणि जिंकली ती एकटीच्या प्रयोगासाठी. तिचं यश शंभर टक्के तिचं आहे आणि त्याचा मला आनंदच झाला. पण दोघांनी मिळून जो दरवाजा दोनदा ठोठावला तो एकटीसाठी उघडला, हे दृश्य जोडीने काम करणाऱ्या प्रत्येक नव्या कलाकाराने पाहिलं आहे आणि त्याचा अर्थही लावला आहे.

परीक्षकांच्या आवडीनिवडीवर मी हे ढकलणार नाही. माझ्या मते मूळ दुखणं पैशाचं आहे, आणि ते समजून घेण्यासाठी मंडळाच्या खजिनदारांनी माझ्याबरोबर एक साधा हिशेब करावा. समजा, पन्नास खुर्च्यांची खोली आहे, तिकीट बारा पौंड आहे आणि रोज निम्मी खोली भरते. सुरुवातीच्या जोडीसाठी हे चांगलं चित्र झालं. दिवसाचे तीनशे पौंड. एक सुट्टी धरून चोवीस प्रयोग केले तर ७,२०० पौंड. त्यातला व्हॅट वजा जाता ६,०००. बऱ्याच मोठ्या जागांचा करार साठ-चाळीसचा असतो, म्हणजे कलाकारांच्या वाट्याला ३,६००. त्यातून नोंदणी, पोस्टर, पत्रकं, सामानाची ने-आण, जमलं तर प्रसिद्धीचं काम बघणारा माणूस. हे सगळं जायच्या आधीच दोघांत वाटणी केली तर माणशी १,८०० पौंड येतात. ऑगस्टमध्ये एडिनबरात महिनाभराची खोलीच त्यातला बहुतेक भाग खाऊन टाकते. एकट्या कलाकाराला एक पलंग, एक रेल्वे तिकीट, एका माणसाची बुडालेली महिन्याची कमाई. जोडीला यातलं सगळं दुप्पट, आणि गल्ला तेवढाच. फ्रिंजचं काम बघणाऱ्या फ्रिंज सोसायटीने २०२४ आणि २०२५ साली प्रत्येकी २,५०० पौंडांची १८० अनुदानं दिली. चांगली योजना आहे, पण दोघांच्या घरात ती रक्कम आली की तिचेही दोन भाग होतात.

त्यात राहण्याच्या जागा कमी झाल्या आहेत. थोड्या दिवसांसाठी घर भाड्याने द्यायचं तर आता कौन्सिलचा परवाना लागतो, आणि २४ जुलै २०२६ पासून मुक्कामावर पाच टक्के पर्यटक कर लागू होतो, सलग पाच रात्रींपर्यंत. या शहरात राहणारी म्हणून मला या नियमांमागची कारणं पटतात. आमच्या जिन्यातले शेजारी घरभाडं न परवडल्याने निघून गेलेले मी पाहिले आहेत. पण त्याचा भार शेवटी ज्यांच्या खांद्यावर येतो त्यांत ही कलाकार मुलंही आहेत.

दुसरी अडचण कलेच्या आतली आहे आणि ती पैशापेक्षा कमी बोलली जाते. एकपात्री विनोदकाराला समोर सहाच माणसं असली तरी तो त्यांच्याशी बोलू शकतो. नाव विचारतो, पावसाबद्दल बोलतो, सहा जणांची मैफल जमवतो. दोन पात्रांनी एकमेकांशी बोलायचं असलं की ही सोय उरत नाही. दोघं आपल्या प्रसंगात असतात, आणि समोरून हशा आला नाही तर पुढच्या वाक्याची वेळच चुकते. म्हणून जोडीचा प्रयोग भरलेल्या खोल्यांत घासूनपुसून तयार व्हावा लागतो. फेब्रुवारीत लेस्टरच्या कॉमेडी महोत्सवात, मेमध्ये ब्रायटनला, जून-जुलैत कुठल्यातरी पबच्या वरच्या खोलीत कच्चे प्रयोग होतात, लोक कुठे हसतात ते टिपून घेतलं जातं, अर्धा मजकूर फेकला जातो. मी विनंती करते आहे ती याच कच्च्या प्रयोगांसाठी. त्यांना माणसांनी भरलेला हॉल हवा असतो, आणि हॉल आणि माणसं या दोन गोष्टी मंडळांइतक्या कोणाकडे आहेत?

मध्यंतरी एका उन्हाळ्यात मँचेस्टरहून आलेल्या दोघीजणी आमच्याकडे राहिल्या. त्यांच्या प्रयोगात दोन बहिणींचा एक प्रवेश होता. आई गेल्यावर घर आवरायला दोघी स्वयंपाकघरात बसल्या आहेत आणि आईचे प्लास्टिकचे डबे वाटून घेताहेत. थोरलीच्या हातात यादी, धाकटी प्रत्येक डब्याला झाकण शोधते आहे आणि एकही झाकण बसत नाही. तालमीसाठी त्यांनी माझेच डबे घेतले. श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे, लोणच्याचे सगळे डबे जेवणाच्या टेबलावर मांडले आणि अकरा वाजून गेले तरी त्या एकाच जागेवर अडून होत्या. धाकटी म्हणते, "हे बसतंय." थोरली लगेच म्हणायची, "ते ताटलीचं आहे." हशा येत होता, पण छोटा. मग थोरलीचं काम करणारीने ठरवलं की लगेच बोलायचं नाही. तिने ते झाकण हातात घेतलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं, यादीत बघितलं, आणि मग बोलली. मी भांडी विसळत उभी होते, मी मोठ्याने हसले. त्या थांबाला त्यांनी किती वेळा उचलून पुढे-मागे ठेवलं ते मी बघितलं आहे. झाकण एकदा फिरवलं तर कमी पडतं, तीनदा फिरवलं तर प्रेक्षक पुढचं ओळखतो. आणि या सगळ्यात धाकटीने काहीच करायचं नव्हतं, फक्त थोरलीच्या तोंडाकडे आशेने बघत राहायचं होतं. तो हशा जेवढा थोरलीचा तेवढाच तिच्या त्या बघण्याचा होता. जोडी म्हणतात ती ही. एकीच्या शांत उभं राहण्यावर दुसरीचा विनोद उभा असतो, आणि ते शांत उभं राहणं शिकायला वर्षं जातात.

त्यांच्यासाठी मी एका मंडळाकडे विचारणा केली होती. समितीतल्या माणसांबद्दल माझ्या मनात राग नाही, सगळे नोकऱ्या सांभाळून रात्री जागून काम करणारे लोक आहेत. पण पहिला प्रश्न आला, "फेमस आहेत का?" दुसरा प्रश्न, "मराठी आहेत का?" आणि मग, जेवण आणि ऑर्केस्ट्रा यांच्या मधली दहा मिनिटं देऊ, मानधन नाही, पण जेवण आहे, असं उत्तर आलं. पानं वाढली जात असताना, मुलं धावत असताना, दोन बहिणींनी झाकणाकडे बघत थांबायचं कसं? मी नाही म्हटलं.

मग आम्ही चार-पाच मैत्रिणींनी वर्गणी काढून लीथमधला एक छोटा हॉल संध्याकाळपुरता घेतला. ओळखीची मराठी कुटुंबं बोलावली, काही शेजारी आले. डब्यांचा प्रवेश सुरू झाला आणि हॉल अशा जागी हसला जिथे त्या दोघी तयारच नव्हत्या. आइस्क्रीमच्या डब्यात आइस्क्रीम नाही हे धाकटी झाकण उघडायच्या आधीच सगळ्यांना ठाऊक होतं. त्याहून मोठी गोष्ट पुढे घडली. एका डब्यावर चिकटपट्टी लावून शेजारणीचं नाव लिहिलेलं असतं आणि धाकटी तो परत द्यायला बाजूला ठेवते. पहिल्या रांगेतल्या एक काकू न राहवून मोठ्याने म्हणाल्या, "रिकामा नाही द्यायचा गं!" प्रयोग संपल्यावर दोघींनी काकूंना गाठलं आणि हे काय आहे ते विचारून घेतलं. आठवडाभरात त्या प्रवेशाचा शेवट बदलला होता. बहिणी भांडण विसरून शेजारणीच्या डब्यात घालायला घरभर काहीतरी शोधतात आणि आईने फ्रीजरमध्ये ठेवलेलं शेवटचं सूप त्यात जातं. ऑगस्टमध्ये हाच शेवट त्यांनी रोज केला आणि रोज तिथे खोली आधी हसली, मग गप्प झाली. एडिनबराच्या प्रेक्षकांपैकी फार थोड्यांना त्या काकू माहीत असतील. मला माहीत आहेत, आणि मंडळ काय करू शकतं याचा माझ्याकडे याहून चांगला पुरावा नाही.

आपल्याला हा प्रकार परका वाटायचं कारणही नाही. तमाशात गण, गवळण झाली की वगाच्या आधी बतावणी येते. दोन माणसं, हाताशी एखादी काठी नाहीतर उपरणं, आणि सवाल-जवाबाच्या झटापटीतून गावातल्या ताज्या घडामोडींपर्यंत सगळं. नेपथ्य लागत नाही, पडदा लागत नाही. सोंगाड्याला बोलायला जागा करून देणारा समोरचा माणूस तितकाच तयारीचा लागतो. सेवा दलाच्या कलापथकातून आलेले निळू फुले आणि राम नगरकर रंगमंचावर समोरासमोर उभे राहिले की काय व्हायचं ते आपल्यातल्या ज्येष्ठांनी पाहिलेलं आहे. आजही आपल्या घरांत जेवताना टीव्हीवर जी स्किट लागतात त्यांत लोकांच्या लक्षात राहतात त्या जोड्याच. म्हणजे आवड आपल्यात आहे, जाण आहे. इथल्या हॉलमध्ये मात्र आपण ती फक्त गणपतीतल्या मुलांच्या कार्यक्रमापुरती वापरतो.

इथल्या भारतीयांच्या बाबतीत एक उदाहरण सांगावंसं वाटतं. नव्वदच्या दशकात संजीव भास्कर आणि नितीन साहनी हे दोघं 'द सीक्रेट एशियन्स' या नावाने जोडीने प्रयोग करत होते, लंडनच्या छोट्या थिएटरात. तिथे बीबीसीच्या निर्मात्याची नजर त्यांच्यावर गेली आणि 'गुडनेस ग्रेशस मी' हा कार्यक्रम उभा राहिला, १९९६ साली रेडिओवर आणि १९९८ साली टीव्हीवर. मीरा स्याल, कुलविंदर घिर, मुंबईत जन्मलेली नीना वाडिया, हे सगळे त्यात होते. या देशात आपल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांचा विनोद आपल्याच तोंडून घराघरांत गेला, त्याच्या मुळाशी एका छोट्या खोलीतली जोडी होती. ती खोली कोणीतरी उघडून दिली होती.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते लिहिते, कारण नुसतं 'प्रोत्साहन द्या' म्हणून काही होत नाही.

संध्याकाळ वेगळी ठेवा. जेवणाला, हळदीकुंकवाला, वार्षिक सभेला जोडू नका. चहा आणि बटाटेवडे प्रयोगानंतर. हॉल मोठा असेल तर तो सगळा वापरू नका. स्टेज उंच असेल तर त्याच्या खाली, जमिनीवरच दोघांना जागा द्या आणि खुर्च्या अर्धगोलात, अगदी जवळ आणा. साठ माणसं दाटीने बसली की जो हशा उठतो तो दोनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये विखुरलेल्या साठ माणसांतून कधीच उठत नाही. बसणाऱ्यांवर अंधार आणि कलाकारांवर उजेड, एवढी प्रकाशयोजना पुरते. ट्यूबलाइट चालू ठेवून मात्र करू नका, उजेडात माणसं शेजाऱ्याकडे बघून हसायचं की नाही ते ठरवतात. मुलांना येऊ द्या, पण किती वर्षांच्या पुढच्या मुलांसाठी प्रयोग आहे ते कलाकारांना आधीच विचारा आणि पत्रिकेवर छापा. 'स्वच्छ' प्रयोग करा अशी अट घालण्यापेक्षा हे बरं. सुरुवातीची भाषणं दोन मिनिटांत आटपा. सत्कार आणि शाल-श्रीफळ शेवटी करा, आणि केलंच पाहिजे असं नाही.

पैशाचं स्पष्ट असू द्या. ठरावीक मानधन आणि प्रवासखर्च द्या, किंवा तिकीट लावून दाराशी जमलेल्या रकमेतला मोठा हिस्सा द्या, पण आकडा आधी लिहून द्या. भारतातून एक नामवंत आणायला विमान, हॉटेल, व्हिसा, साउंड यांवर जो खर्च होतो त्याच्या छोट्याशा भागात हे बसतं. आणि कच्चा प्रयोग आहे हे लोकांना सांगा. मधेच वही उघडली जाईल, एखादा प्रवेश पडेल. ते पाहण्यातही आनंद आहे, आपल्याकडे रंगीत तालमीला येऊन बसणारे रसिक होतेच की.

कलाकार शोधायचे कुठे? लेस्टर, ग्लासगो, ब्रायटन, कॅम्डेन या महोत्सवांच्या कार्यक्रमपत्रिकेत स्केचचे प्रयोग शोधा. त्यातून आपल्या शहराजवळची एखादी जोडी निवडा आणि पत्र टाका. जुलैत साठ प्रेक्षकांचा हॉल आणि मानधन देणारं पत्र आलं तर किती जणांना आनंद होईल याची आपल्याला कल्पना नाही. भाषेची काळजी करू नका. आपली मुलं घरात कुठल्या भाषेत भांडतात ते आपल्याला माहीत आहे. इंग्रजी प्रयोगाने मंडळाचं मराठीपण कमी होईल असं मला वाटत नाही. डब्याच्या प्रवेशात त्या संध्याकाळी सगळ्यांत जास्त मराठी काही असेल तर तो प्रेक्षक होता.

एडिनबरा, लीथ, पोर्टोबेलो, लिव्हिंगस्टन, अगदी ग्लासगोपर्यंतच्या सभासदांना घराबद्दल सांगते. २०२६ चा फ्रिंज ७ ते ३१ ऑगस्ट आहे. याच काळात आपल्यातली बरीच कुटुंबं भारतात गेलेली असतात किंवा मुलांची खोली रिकामी असते. पण एक नियम नीट लक्षात ठेवा. पैसे घेऊन थोड्या दिवसांसाठी जागा द्यायची तर स्वतःच्या राहत्या घरातल्या एका खोलीलाही परवाना लागतो, आणि मोबदला म्हणजे नुसते पैसेच असं नाही, एखादी सेवा घेतली तरी तो मोबदला ठरू शकतो. म्हणून 'राहा आणि बदल्यात आमच्यासाठी प्रयोग करा' असा सौदा करू नका. पाहुणे म्हणून ठेवा, आणि मंडळाचं मानधन वेगळं ठेवा. भाड्याच्या घरात असाल तर मालकाला आधी विचारा. दोघांना एक खोली आणि रात्री बाराला दार उघडायची तयारी, एवढं पुरतं. विगा रेडिएटरवर वाळत पडतील, सकाळी दहापर्यंत कोणी उठणार नाही, हेही सांगून ठेवते. घरात नवरा-मुलं असतील तर त्यांना पहिल्या दोन दिवसांत या पाहुण्यांचा लळा लागतो हा माझा अनुभव आहे.

आणि पहिल्या आठवड्यात प्रयोगाला जा. शेवटच्या शनिवार-रविवारी सगळेच जातात. सुरुवातीच्या दिवसांत तिकीट स्वस्त असतं, खोल्या रिकाम्या असतात, आणि समीक्षकांच्या फेऱ्याही तेव्हाच सुरू होतात. त्या दिवशी मंडळातले वीस जण एका खोलीत जाऊन बसले तर त्या जोडीचा महिना बदलू शकतो. दुपारी अडीचचा प्रयोग असेल तर निवृत्त सभासदांइतका चांगला प्रेक्षक दुसरा नाही.

शेवटची विनंती आपल्याच मुलांसाठी. इथल्या विद्यापीठांत दरवर्षी पुण्या-मुंबईहून विद्यार्थी येतात. त्यांतल्या कित्येकांनी पुरुषोत्तम करंडकासाठी रात्र रात्र तालमी केलेल्या असतात. १९६३ पासून चालत आलेली ती स्पर्धा आहे, तिच्यातून आलेल्या मुलांना वेळेची, शिस्तीची, दोन माणसांत रंगमंच भरण्याची सवय असते. इथे वाढलेल्या आपल्या मुलांना दोन भाषांत जगण्यातले सगळे घोळ पाठ असतात. यांच्यातले एक-एक जण एकत्र आले तर जी जोडी होईल ती आज या देशाच्या रंगमंचावर मला दिसत नाही. मंडळाने त्यांना तालमीसाठी हॉल द्यावा, वर्षभरात तासाभराचा प्रयोग उभा करायला थोडे पैसे द्यावेत, आणि आधी एडिनबराचा पूर्ण महिना अंगावर न घेता कॅम्डेन फ्रिंजला पाठवावं. तो लंडनमध्येच जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये होतो, तिथे दोन-तीन प्रयोगांपुरतीही जागा घेता येते, आणि मुलं घरून ये-जा करू शकतात. लंडनच्या मंडळाला १९३२ पासूनची परंपरा आहे आणि डॉलिस हिलला स्वतःची वास्तू आहे. या कामाची सुरुवात तिथून झाली तर बाकीची मंडळं मागे राहणार नाहीत असं मला वाटतं.

हा विषय पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि जो निर्णय होईल तो, नकार असला तरी, सभासदांना कळवावा. तारीख फेब्रुवारी-मार्चमध्येच पक्की केलीत तर बरं, कारण एप्रिलनंतर या मुलांचे जून-जुलैचे दिवस भराभर लागतात. हॉलची मांडणी, पत्राचा मसुदा, आणि स्कॉटलंडमध्ये कोणाकडे खोली आहे याची यादी करण्याचं काम मी अंगावर घ्यायला तयार आहे. आमच्या त्या संध्याकाळच्या जमाखर्चाचा कागदही ज्या खजिनदारांना हवा असेल त्यांना पाठवीन.

आपली,
लीथमधली एक सभासद